एकटं पुस्तक मिळणार नाही

माझ्याकडून पुस्तक न्यायचं तर जोडीनं न्यावं लागतं. एक गोष्टीचं नाहीतर कवितेचं, आणि दुसरं माहितीचं. अनामत नाही, वर्गणी नाही, उशिराचा दंड नाही. नियम हा एवढाच. त्यावरून लोक हुज्जत घालतात, कुणी रुसूनही जातं, पण दोन-चार दिवसांनी परत येतं.

जळगाव जिल्ह्यात पारोळ्याला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. (फवारायच्या विषाला इकडे औषधच म्हणतात. त्याबद्दल पुढे.) गल्ल्याच्या मागे एका कंपनीनं बाटल्या मांडायला दिलेला लोखंडी रॅक आहे. त्यावर बाटल्यांऐवजी पुस्तकं आली ती आप्पांमुळे, म्हणजे माझ्या सासऱ्यांमुळे. घरात पुस्तकांना जागा द्यायला सासूबाई तयार नव्हत्या, म्हणून ती दुकानात आली. आप्पांच्या कादंबऱ्यांमध्ये मग मी माझी पुस्तकं घुसवायला लागले. मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली, मला किड्यांच्या पुस्तकात जास्त करमायचं. आप्पांना माहितीचं पुस्तक म्हणजे शिक्षा वाटायची. ते गेले, रॅक राहिला, आणि आमची दोघांची पुस्तकं एकमेकांना खेटून उभी राहिली ती राहिलीच.

नियम त्यातूनच सुचला. गिऱ्हाईक मोटारसायकलवर पोती बांधेपर्यंत रॅककडे बघत उभं राहतं. कादंबरीवाला कादंबरीच उचलतो. स्पर्धा परीक्षेची पोरं ‘जनरल नॉलेज’च्या पलीकडे हात नेत नाहीत. म्हाताऱ्यांना पोथी नाहीतर शिवाजी महाराज. मला वाटलं, आपण कपाशीत उडीद-मूग टाकतो ना, तसं करून बघावं. उडीद लवकर निघतो, हातखर्चाला होतो, आणि कपाशी आपल्या सवडीनं येते. गोष्टीचं पुस्तक दोन रात्रींत संपतं, माहितीचं महिनाभर उशाशी पडून राहतं. पण एकाच वावरात असल्यामुळे दोन्हींची मशागत होते. गिऱ्हाईक विचारतं, “ताई, दोन कसाले? माले गोष्टनं जोयजे, हिशोबनं नको.” मी म्हणते, दोन न्या नाहीतर युरिया घेऊन जा.

वहीत नोंद असते. उधारीच्याच वहीची शेवटची पानं. त्यात सगळ्यात जास्त वेळा लिहिलेली जोडी आहे बहिणाबाईंची गाणी आणि सालिम अलींचं आत्मचरित्र.

बहिणाबाई चौधरी आमच्या जिल्ह्यातल्या, आसोद्याच्या. १८८० चा जन्म. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपाशी सुचलेलं त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ ते उतरवून घ्यायचे. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. त्यातलं सुगरणीच्या खोप्याचं गाणं कुणाला पाठ नाही? पिलांसाठी तिनं झाडाला झोका टांगला, इवलीशी चोच हेच तिचं हत्यार, असं बाई म्हणतात आणि मग माणसाकडे वळून त्याला त्याच्या दोन हातांची आठवण करून देतात.

आता सालिम अली. १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळ किहीमला राहत होते आणि त्यांच्या घराजवळच सुगरणींची वस्ती होती. शिडी आणि मचाणवजा आडोसा करून ते महिनोनमहिने बघत बसले. त्यांना दिसलं ते असं: खोपा विणतो तो नर. तो अर्धवट, शिरस्त्राणासारखा झोका विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून ओढून-ताणून बघतात. पसंत पडला तर मादी तिथे राहते आणि नर बोगद्यासह उरलेला खोपा पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसरीसाठी. खोपा नापसंत झाला तर तसाच लटकत राहतो. विहिरीवरच्या बाभळीला जे अर्धेमुर्धे खोपे दिसतात ते हेच, नाकारलेल्या नवरदेवांचे.

हे मी एकदा काउंटरवर सांगितलं तर टोळी गावचे एक काका म्हणाले, “नर बांधस खोपा? मंग मादी काय करस?” म्हटलं, पसंत करस, नईतं नापसंत. काका शांतपणे म्हणाले, “आमना घरमा बी तेच शे.”

पण सगळे हसण्यावारी नेत नाहीत. एक निवृत्त गुरुजी आहेत, मराठी शिकवायचे. त्यांना ही जोडी अजिबात मान्य नाही. त्यांचं म्हणणं, कवितेवर असं पक्षिशास्त्र सोडायचं म्हणजे देवघरात इन्स्पेक्टर पाठवायचा. बहिणाबाईंना आई सांगायची होती, पक्षी नव्हे. मी म्हणते, गुरुजी, मग त्यांनी पक्षीच का निवडला? ज्या बाईनं चोच इतकी निरखून पाहिली तिला आणखी कुणीतरी त्याच खोप्याखाली बसून महिनेच्या महिने काय पाहिलं, हे ऐकायला आवडलं नसतं का? मला तर वाटतं त्यांनी त्यावरही एक गाणं केलं असतं, आणि नवऱ्या मंडळींची त्यात काही धडगत नव्हती. गुरुजी हटत नाहीत, मीही नाही. मात्र त्यांनी सालिम अली पूर्ण वाचून परत केलं आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या मळ्यातल्या विहिरीवरचे खोपे मोजून आले.

या नियमाला अपवाद एकाच पुस्तकाचा. ‘लीलावती’ एकटीच जाते, कारण ती एकटीच जोडी आहे.

भास्कराचार्यांनी ते इसवी सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिलं, सिद्धांतशिरोमणीचा पहिला भाग म्हणून. माझ्याकडे ना. ह. फडक्यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ आहे. लोकांना लीलावतीबद्दल फक्त ती लग्नमुहूर्ताची दंतकथा ठाऊक असते, घटिकापात्रात मोती पडला वगैरे. आतलं गणित कुणी उघडत नाही. मी भुंग्यांचं उघडून देते. एक भुंग्यांचा थवा आहे. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ काढा, तेवढे भुंगे मालतीवर गेले. थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले. उरली एक जोडी. त्यातला भुंगा सुगंधाला भुलून रात्री कमळात शिरला आणि पाकळ्या मिटल्या. तो आतून गुणगुणतोय आणि बाहेर त्याची भुंगी त्याला उत्तर देतेय. तर, बाई, थव्यात एकूण भुंगे किती?

दहावीतल्या एका मुलीनं बियाण्याच्या कंपनीच्या पॅडवर उभ्या उभ्या सोडवलं. निम्मा थवा म्हणजे कशाचा तरी वर्ग धरायचा, मग साधं वर्गसमीकरण पडतं आणि उत्तर येतं ७२. निम्मे ३६, त्याचं वर्गमूळ ६. आठ-नवमांश म्हणजे ६४. राहिले दोन, तो आतला आणि ती बाहेरची. तिनं पडताळा घेतला आणि मग विचारलं, “सकाळी कमळ उघडलं का?” भास्कराचार्यांनी ते सांगितलेलं नाही. गणित तिथे संपतं आणि गोष्ट तशीच राहते. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा माणूस गणित आणि कविता वेगवेगळ्या कपाटांत ठेवत नव्हता. आपल्याला मात्र दहावीनंतर एक निवडायला लावतात.

आणि हे काही लांबचं नाही. चाळीसगावच्या पुढे पाटणादेवीला आपण पावसाळ्यात धबधबे बघायला जातो, भजी खातो, परत येतो. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून काढलेल्या मठाची आणि निकुंभ घराण्यानं त्याला दिलेल्या दानाची नोंद आहे, इसवी सन १२०७ ची. भाऊ दाजी लाडांनी तो लेख उजेडात आणला. म्हणजे ‘लीलावती’ शिकवायची शाळा आमच्या जिल्ह्यात, त्या काळी.

चाळीसगाव तालुक्याचं नाव निघालंच आहे तर नेमाड्यांची ‘हिंदू’ कशासोबत देते ते सांगते. त्यांची १९६३ ची ‘कोसला’ पोरं मागतात, फोटो काढतात, पस्तीसाव्या पानावर सोडतात. ‘हिंदू’ (२०१०) मागणारे थोडे, पण जिद्दीचे. तिचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा विद्यार्थी, मोहेंजोदडोच्या उत्खननातून घराच्या ओढीनं खानदेशातल्या गावी येतो. सोबत मी म. के. ढवळीकरांचं ‘कोणे एके काळी सिंधू संस्कृती’ देते. त्यातही जे परत येऊन गप्पा मारतात त्यांना पाटण्याची गोष्ट सांगते. याच चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथं एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी सापडले, आणि एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. शहामृग! आमच्याकडे! तापीकाठच्या सावळद्याच्या नावानं तर ताम्रपाषाण युगातली एक अख्खी संस्कृतीच ओळखली जाते. हे ऐकल्यावर ‘हिंदू’ दुसऱ्यांदा नेणारे निघाले आहेत. पहिल्या वाचनात त्यांना ते भूतकाळाचं भाषण कंटाळवाणं वाटलं होतं, दुसऱ्यांदा ते आपल्याच बांधाखालचं वाटलं.

‘कोसला’सोबत मी दया पवारांचं ‘बलुतं’ देते. ते आत्मकथन, १९७८ चं. ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्यात पैसे उडवतो, नापास होतो आणि खानदेशात घरी परततो. बापाशी पटत नसलं तरी घर आहे, शेत आहे. ‘बलुतं’मधल्या दगडू मारुती पवारला परतायला काय आहे? एका वयाची दोन पोरं, दोन्ही गाव सोडून शहरात गेलेली. ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचून एक कॉलेजचा पोरगा गप्प गप्प झाला होता. मी काही विचारलं नाही.

आता बालकवी. धरणगावचे, १८९० चा जन्म. त्र्यंबक बापूजी ठोमरे. त्यांच्या निसर्गकविता शाळेत झालेल्या असतात, त्यामुळे वाचकाला वाटतं आपल्याला माहीत आहेत. त्यांच्यासोबत मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देते. आत्मचरित्राला माहितीचं पुस्तक धरायचं का, यावर वाद होऊ शकतो. दुकान माझं आहे, मी धरते. त्यात हा ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहायला आलेला दिसतो: हट्टी, हळवा, लहान मुलासारखा रुसणारा, लक्ष्मीबाईंनी पोटच्या पोरासारखा सांभाळलेला. पाठ्यपुस्तकातल्या चौकटीतला फोटो एकदम घरात जेवायला बसतो. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली तो गेला, अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. जळगाव-भुसावळ शटलनं जाताना भादली येतं तेव्हा डब्यात एखाद्याला तरी हे ठाऊक असावं, एवढीच माझी अपेक्षा.

याच गोष्टीत माझ्या धंद्याचा एक धागा आहे. ‘बालकवी’ ही पदवी ठोमऱ्यांना मिळाली १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे लष्करी डॉक्टर, कवी, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतीय औषधी वनस्पतींवरचा कीर्तिकर आणि बसू यांचा जो जाडजूड ग्रंथ १९१८ मध्ये निघाला, ज्याचं नाव आम्हाला कॉलेजात संदर्भग्रंथ म्हणून घोकायला लावलं होतं, त्यातले कीर्तिकर हेच. फुलांवर कविता करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ओळखलं ते फुलं चिरून तपासणाऱ्या माणसानं. निवृत्त गुरुजींना हे मी मुद्दाम दोनदा ऐकवलं.

झाशीची राणी सगळ्यांना हवी असते. तिच्यावरच्या कादंबऱ्या रॅकवर आहेत, पण मी हातात विष्णुभट गोडसे वरसईकरांचा ‘माझा प्रवास’ ठेवते. हा कोकणातला गरीब भिक्षुक कर्जात बुडालेला. उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, या आशेनं निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो आत होता. पुस्तक त्यानं १८८३ मध्ये लिहिलं, छापून आलं १९०७ मध्ये. त्यात राणीही आहे आणि लुटीत धान्य-भांडी कशी गेली तेही आहे. गंगेची कावड खांद्यावर घेऊन तो घरी पोचला. शूरवीरांच्या गोष्टीत पोटाची चिंता सहसा नसते. इथे पानोपानी आहे. याच्यासोबत मी १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमधल्या (इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ) पारोळ्यावरच्या पानांच्या प्रिंट देते, कारण आमचा हा भुईकोट, ज्याच्या खंदकाभोवती आपण भाजी घेतो, तो झाशीच्या नेवाळकर घराण्याशी नातं सांगणारा. गॅझेटिअर इंग्रजीत आहे आणि रुक्ष आहे, पण राज्याच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पोरांना मी सांगते, कादंबरीतली झाशी लांब आहे, हा बुरूज जवळ आहे, आधी इथून सुरू करा.

गॅझेटिअर मात्र मी सगळ्यांनाच देत नाही, आणि एकटं तर मुळीच नाही. त्यात पिकं, जमीन, रस्ते, बाजार यांचा हिशोब इतका बारीक आहे की मला त्याचं कौतुक वाटतं. पण भिल्लांवरची पानं वाचताना हात थांबतो. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, १८२५ मध्ये आउट्रमनं भिल्ल पलटण उभी केली, हे सगळं तिथे बंदोबस्ताच्या भाषेत येतं: माणसं म्हणजे निकालात काढायचं एक प्रकरण. म्हणून त्या पानांसोबत वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह जातो. शहाद्याकडचा हा भिल्ल कवी, चळवळीतला कार्यकर्ता. त्यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे, लहानशी. आम्ही स्टेजवर गेलोच नाही, बोलावलंही नाही. ते वर उभं राहून आमचं दुःख आम्हालाच सांगत राहिले, अशा अर्थाची. गॅझेटिअरची शेकडो पानं एका बाजूला आणि ही कविता दुसऱ्या. पारडं कुठे झुकतं ते वाचणाऱ्यानं बघावं. मला माझं माहीत आहे. या जोडीत माहितीचं पुस्तक कोणतं, असं एका शिक्षिकेनं विचारलं होतं. प्रश्न चांगला होता. मी वहीत दोन्हींपुढे ‘माहिती’ लिहिलं.

साने गुरुजींबद्दल थोडक्यात, कारण अमळनेर इथून जवळ आणि त्यांच्याबद्दल सगळेच बोलतात. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेली ‘श्यामची आई’ वाचून लोक रडतात आणि तिथेच थांबतात. मला त्यांच्यातला लेखनिक आणि भाषांतरकार जास्त आवडतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, २१ फेब्रुवारी ते १९ जून, आठवड्याला एक अध्याय. समोर बसून ते उतरवून घेणारे गुरुजी. ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघरी आहे ते हेच. धुळ्याला गेलात की तो तुरुंग बाहेरून बघा. त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि पुढे तिरुक्कुरळ हा तमिळ नीतिग्रंथ मराठीत आणला. ‘श्यामची आई’ नेणाऱ्याला मी तो ‘कुरल’ देते. बहुतेक जण तो न वाचता परत करतात. चालायचंच.

आता औषधाचं. रॅकवर एक पुस्तक असं आहे की ते तिथे बघून कंपनीचा प्रतिनिधी दर वेळी कसनुसा हसतो. रेचेल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’, १९६२ चं. माझी प्रत इंग्रजी आहे, कॉलेजच्या दिवसांतली, पानं सुटलेली. कार्सन समुद्रजीवांची अभ्यासक. सुरुवातीला ती एका गावाची काल्पनिक गोष्ट सांगते, जिथे वसंत येतो पण पक्षी गात नाहीत. मग पुढची सगळी पानं पुरावे. डीडीटी हे कीटकनाशक मातीतून गांडुळात, गांडुळातून पक्ष्यात कसं साठत जातं, अंडी का फुकट जातात. रसायन कंपन्यांनी तिच्यावर झोड उठवली, ती भावनिक आहे, बाई आहे, असंही म्हटलं. ती १९६४ मध्ये कॅन्सरनं गेली. अमेरिकेनं १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आणली. आपल्याकडे शेतीतला वापर १९८९ मध्ये बंद झाला. एक गोष्ट लोक विसरतात: सगळी औषधं बंद करा असं तिनं म्हटलेलंच नाही. न समजता, अंदाधुंद वापरू नका, एवढं म्हटलं.

मी ते विकते. त्यावर माझं घर चालतं. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, त्या दिवसांत हे पुस्तक मी पुन्हा काढून गल्ल्यावर ठेवलं. बाटलीवरचा त्रिकोण दाखवायला तेव्हापासून मी कुणाला सोडत नाही. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. “ताई, तू औषध ईकस का पोथी सांगस?” असं ऐकून घ्यावं लागतं. दोन-तीन औषधं आपसात मिसळून एकाच पंपात मारायची सवय गुलाबी बोंडअळीपेक्षा चिवट आहे. इंग्रजी पुस्तक कोण वाचणार, म्हणून कार्सनची ती पहिली गोष्ट मी मराठीत एका पानावर लिहून आत ठेवली आहे, आणि लोक तेवढं वाचतात.

त्याचा जोडीदार शोधायला मला फार वेळ लागला नाही. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यात झाडं, पानं, रंग, पाखरं काय करतात, एवढंच. कार्सन सांगते काय गमावाल, आणि दुर्गाबाई सांगतात काय आहे. दोघी शास्त्राच्या अभ्यासक आणि दोघींना वाक्य लिहिता येतं. ‘ऋतुचक्र’ हळू वाचायचं पुस्तक आहे. मी तर ज्याला देईन त्याला सांगते, चालू महिन्याचंच प्रकरण वाच, पुढचं पुढच्या महिन्यात. त्यामुळे ते वर्षभर परत येत नाही. माझ्याकडे म्हणूनच त्याच्या जास्त प्रती आहेत. अमळनेरला २०२४ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा पुस्तकांच्या मांडवातून उचलल्या.

ज्यांना विकत घेणं जड जातं त्यांच्यासाठी: विष्णुभट, बालकवी, लक्ष्मीबाई, साने गुरुजी यांचं लेखन आता स्वामित्वहक्कातून मोकळं आहे, त्यामुळे स्वस्त आवृत्त्या भरपूर आणि मोबाइलवरही मिळतं. बाकीच्यांसाठी जळगावचं व. वा. वाचनालय आहे, धुळ्याचं गरुड वाचनालय आहे. तिथे एकेकटं पुस्तक देतात. तुम्ही दोन मागा.

मिरगाच्या आधी पंधरा दिवस रॅक मी रिकामा करते. तेव्हा कपाशीच्या पाकिटांना जागा लागते आणि गर्दीत पुस्तकांकडे बघायला कुणाला फुरसत नसते, मलाही नाही. ज्यांच्याकडे जोड्या आहेत त्यांनी पेरणी होईपर्यंत त्या घरीच ठेवाव्यात, भिजवू नयेत. ‘स्मृतिचित्रे’ कासोद्याला गेली आहे आणि तिच्यासाठी दोघी नंबर लावून आहेत. ‘गोधड’ परत आलं आहे, गॅझेटिअरची पानं आलेली नाहीत. ज्यांनी नेली त्यांच्या उधारीतही बाकी आहे, दोन्ही एकदमच आणावं.